घर विकले, उत्पन्न मात्र तुटपुंजे : भांडवली नफ्यावरील कर कोणाला, किती आणि केव्हा?

बदलापूर, प्रतिनिधी

बदलापूर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून मांजर्लीच्या दिशेने चालू लागले, की घरांच्या खरेदी-विक्रीच्या पाट्या दिसू लागतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी डोंबिवली-ठाण्याच्या किमती परवडत नाहीत म्हणून येथे एक खोली-स्वयंपाकघर घेतलेली पिढी आता निवृत्त झाली आहे. चार मजले चढवत नाहीत, मुलगा दूर स्थायिक झाला आहे, आजारपणासाठी पैसा हवा आहे, अशा कारणांनी ही घरे विक्रीस निघतात. व्यवहार ठरतो आणि मग कोणीतरी विचारते, ‘कराचे काय?’ त्यावर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : ‘आमचे उत्पन्नच करपात्र नाही, आम्हाला कर कसला?’

हे उत्तर अर्धेच खरे आहे. घर, जमीन, सोने, समभाग अशी भांडवली मालमत्ता विकून झालेला नफा हे आयकर कायद्याच्या दृष्टीने त्या वर्षाचे उत्पन्नच असते. आयुष्यभर एकदाही विवरणपत्र न भरलेली व्यक्ती घर विकते त्या एका वर्षी करदात्यांच्या रांगेत येऊन उभी राहते. तिचे नेहमीचे उत्पन्न कमी आहे याची दखल कायदा घेतो, पण फारच मर्यादित. मोठी सवलत मिळते ती पैसा पुन्हा कोठे गुंतवला, कोणत्या तारखेपर्यंत गुंतवला आणि कोणाच्या नावाने गुंतवला यावर. येथेच अल्प उत्पन्न गटातील विक्रेते फसतात. सल्लागार परवडत नाही आणि ज्याचा सल्ला घेतला जातो त्या दलालाला आपल्या दलालीपलीकडे कशात रस नसतो.

पूर्वी परिस्थिती थोडी वेगळी होती. भांडवली नफ्यावरील कर या देशात प्रथम १९४७ साली लियाकत अली खान यांच्या अर्थसंकल्पातून आला, दोनच वर्षांत रद्द झाला आणि निकोलस काल्डोर यांच्या अहवालानंतर टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या काळात १९५६ मध्ये परतला, तो कायमचा. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५३ होते. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी किमतीचे राहते घर विकणाऱ्यास ते थेट दिलासा देत असे. नवे घर घ्या अशी अट त्यात नव्हती, घर लहान आहे एवढे पुरे होते. १९९२ च्या वित्त कायद्याने हे कलम वगळले आणि १ एप्रिल १९९३ पासून छोट्या घराला छोटे म्हणून मिळणारी वेगळी सूट संपली. तिच्या जागी तशी दुसरी तरतूद आलेली नाही.

पुढील मजकुरातील दर व मर्यादा २०२५-२६ या आर्थिक वर्षातील विक्रीच्या आहेत. संसदेने २०२५ साली संमत केलेल्या नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या विक्रीला १९६१ चाच कायदा लागू होतो. म्हणून येथे जुनेच, सर्वांच्या तोंडी असलेले क्रमांक दिले आहेत.

दोन दर, एक निवड

घर किंवा जमीन २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ जवळ ठेवून विकली, तर नफा दीर्घकालीन ठरतो. त्याआधी विकल्यास तो अल्पकालीन होऊन नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो. दीर्घकालीन नफ्यावर २३ जुलै २०२४ पर्यंत २० टक्के कर होता. मात्र खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून मगच नफा काढला जाई. त्या दिवशी सादर झालेल्या अर्थसंकल्पाने दर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि निर्देशांकाचा लाभ काढून घेतला. त्यावर ओरड झाली. तेव्हा निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबांसाठी, २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतींपुरती, दोन्ही पद्धतींपैकी जिच्यात कर कमी तीच धरण्याची मुभा देण्यात आली.

कोणती पद्धत फायद्याची, हे घर कधी आणि किती किमतीला घेतले यावर अवलंबून असते. निर्देशांक २००१-०२ साठी १००, २००९-१० साठी १४८ आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. समजा, मांजर्लीतील एक सदनिका २००१-०२ मध्ये दोन लाखांना घेतली आणि २०२५-२६ मध्ये २६ लाखांना विकली. साधा नफा २४ लाख, त्यावर साडेबारा टक्क्यांनी कर तीन लाख रुपये. निर्देशांक लावला तर खरेदीची किंमत ७ लाख ५२ हजार होते, नफा १८ लाख ४८ हजार उरतो आणि २० टक्क्यांनी कर ३ लाख ६९ हजार ६०० भरतो. येथे नवी पद्धत स्वस्त. आता तीच सदनिका २००९-१० मध्ये आठ लाखांना घेतली असे धरा. साधा नफा १८ लाख, कर सव्वादोन लाख. निर्देशांकाने मात्र खरेदीची किंमत २० लाख ३२ हजारांवर जाते, नफा ५ लाख ६७ हजार ५६८ इतकाच राहतो आणि कर सुमारे १ लाख १३ हजार ५०० होतो. म्हणजे एकाच जिन्यावरच्या दोन शेजाऱ्यांना एकाच किमतीला घर विकूनही वेगवेगळी पद्धत फायद्याची ठरू शकते. शेजाऱ्याने साडेबारा टक्के भरले म्हणून आपणही तेवढेच भरायचे, असे समजू नये.

खरेदीच्या किमतीत त्या वेळी भरलेले मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळवता येते, आणि विक्रीसाठी दिलेली दलाली विक्रीच्या रकमेतून वजा होते. नंतर बांधलेली खोली किंवा बदललेले छप्पर यांचा भांडवली स्वरूपाचा खर्चही धरता येतो, मात्र पावत्या हव्यात. पावत्यांचा प्रश्न निघाला की जुन्या मांजर्लीकरांची पंचाईत होते. बैठ्या घराला जोडलेली खोली गवंड्याला रोख पैसे देऊन बांधलेली असते आणि तिचा कागद म्हणजे फार तर वाढलेली घरपट्टी. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेबाबत थोडी सोय आहे. मूळ किमतीऐवजी त्या तारखेचे वाजवी बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेतलेला बरा. हे मूल्य त्या दिवसाच्या मुद्रांक शुल्क मूल्यापेक्षा जास्त दाखवता येत नाही, ही मर्यादा २०२० च्या वित्त कायद्याने घातली.

कमी उत्पन्नाचा फायदा नेमका कोठे?

अल्प उत्पन्न गटाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी ठाऊक असलेला नियम असा : निवासी व्यक्तीचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर न वापरलेली मर्यादा दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा होते. नव्या करप्रणालीत ही मर्यादा चार लाख रुपये आहे, वय काहीही असो. जुन्या प्रणालीत ती अडीच लाख, साठ वर्षांवरील व्यक्तीस तीन लाख आणि ऐंशी वर्षांवरील व्यक्तीस पाच लाख आहे.

वरच्या दुसऱ्या उदाहरणातील सदनिका अडुसष्ट वर्षांच्या एका विधवेची आहे असे समजू. निवृत्तिवेतन आणि ठेवींवरील व्याज मिळून तिचे वर्षाचे उत्पन्न १ लाख ४४ हजार. नव्या प्रणालीत तिची २ लाख ५६ हजारांची मर्यादा शिल्लक राहते. ५ लाख ६७ हजार ५६८ मधून ती वजा जाता ३ लाख ११ हजार ५६८ उरतात. त्यावर २० टक्क्यांनी ६२ हजार ३१४ रुपये आणि चार टक्के उपकर धरून सुमारे ६४ हजार ८०० रुपये कर होतो. तीच बाई एक्क्याऐंशी वर्षांची असती, तर जुनी प्रणाली निवडून पाच लाखांची मर्यादा तिला वापरता आली असती आणि कर सुमारे ४४ हजारांवर आला असता. नवी प्रणाली सर्वांनाच स्वस्त पडते हा समज येथे २० हजार ८०० रुपयांना पडतो. जुनी प्रणाली निवडायची, तर विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. मुदत चुकली की निवडीचा हक्क जातो.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ ही २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर सर्वतोमुखी झालेली घोषणा भांडवली नफ्याला लागू होत नाही. नव्या प्रणालीत कलम ८७ए ची सवलत नेहमीच्या टप्प्यांनुसार आकारलेल्या करापुरती आहे. साडेबारा किंवा वीस टक्क्यांसारख्या विशेष दराच्या करावर ती मिळत नाही, हे २०२५ च्या वित्त कायद्याने स्पष्ट केले. ‘माझे सर्व मिळून नऊ लाखच होतात’ असे म्हणत निर्धास्त राहिलेल्या विक्रेत्याला म्हणूनच कराची मागणी येऊ शकते. जुन्या प्रणालीत एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल, तर घराच्या दीर्घकालीन नफ्यावरील करालाही १२ हजार ५०० रुपयांपर्यंत ही सवलत मिळते. एवढा लहान नफा घराच्या विक्रीत सहसा दिसत नाही, पण वारसांतील एखाद्या हिश्शाच्या बाबतीत तो असू शकतो.

वारसांची वाटणी

हिश्शाचा विषय निघाला म्हणून सांगायचे. वारशाने, मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने घर मिळते तेव्हा भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तो लागतो पुढे ते विकल्यावर. त्या वेळी आधीच्या मालकाची खरेदीची किंमत आणि त्याने घर बाळगल्याचा काळ वारसाला मिळतो. निर्देशांकही वारसा मिळाल्याच्या वर्षापासून न धरता आधीच्या मालकाच्या खरेदीच्या वर्षापासून धरायचा, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली दिला. अनेक घरमालकांचे त्यामुळे लाखो रुपये वाचले असावेत.

वडिलांनी २००९-१० मध्ये आठ लाखांना घेतलेले तेच घर त्यांच्या पश्चात आई, मुलगा आणि मुलगी यांच्याकडे समान हिश्शाने आले आणि २०२५-२६ मध्ये विकले गेले, तर तिघांचा हिशेब स्वतंत्र होतो. निर्देशांकाने प्रत्येकाचा नफा १ लाख ८९ हजारांच्या आसपास येतो. आईची शिल्लक मर्यादा २ लाख ५६ हजार आहे, तिला कर शून्य. मुलीला स्वतःचे उत्पन्न नसेल, तर तिलाही शून्य. नोकरदार मुलाने मात्र आपल्या हिश्शावर सुमारे ३८ हजार रुपये आणि उपकर भरावा. हा लाभ खऱ्या वारसा हक्काचा आहे. आई एकटीच मालक असताना विक्रीच्या आदल्या महिन्यात मुलांची नावे चढवून तो घेण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्यापासून दूर राहावे. त्याचबरोबर गृहनिर्माण संस्थेतील नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. आणि बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले असेल, तर तिचा हिस्सा आणि त्याबरोबर तिची करमुक्त मर्यादाही गेली असे समजावे.

नवे घर, पण कोणाच्या नावावर?

जुने राहते घर विकून नवे घेणाऱ्यास कलम ५४ ची सूट आहे. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत भारतात घर खरेदी करावे, अथवा तीन वर्षांत बांधावे. विक्रीची सर्व रक्कम गुंतवण्याची गरज नसते, नफ्याइतकी गुंतवणूक पुरते. नफा दोन कोटींच्या आत असल्यास आयुष्यात एकदा दोन घरे घेण्याचीही मुभा आहे. नवे घर तीन वर्षांच्या आत विकले, तर घेतलेली सूट अंगावर येते. घराऐवजी भूखंड, दुकान किंवा सोने विकून घर घ्यायचे असेल, तर कलम ५४एफ लागू होते. त्यात नफ्याऐवजी विक्रीची संपूर्ण निव्वळ रक्कम गुंतवावी लागते आणि विक्रीच्या दिवशी आपल्या नावावर एकापेक्षा अधिक घरे असता कामा नयेत.

या भागातील मध्यमवर्गीय कुटुंबांत नेहमी घडणारा प्रकार असा. आई मांजर्लीतील घर विकते, मुलगा वांगणी किंवा नेरळला मोठे घर घेतो, आईचे सर्व पैसे त्यात जातात आणि करारनाम्यावर नाव फक्त मुलाचे असते, कारण गृहकर्ज त्याला मिळालेले असते. घरात कोणाला यात काही वावगे वाटत नाही, आणि नात्याच्या दृष्टीने ते नाहीही. आयकराच्या दृष्टीने मात्र आईने नवे घर घेतलेलेच नाही. सूट हवी असल्यास नवे घर विक्रेत्याच्याच नावावर हवे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २००८ साली कलम ५४एफ च्या एका प्रकरणात घेतली. त्या प्रकरणात घर दत्तक मुलाच्या नावावर घेतले होते. इतर काही उच्च न्यायालयांनी पत्नी किंवा नातेवाइकांच्या नावाबाबत सौम्य धोरण ठेवले आहे, पण महाराष्ट्रातील करदात्याने त्या भरवशावर राहू नये. करारनाम्यावर आईचे नाव असावे, शक्यतो पहिले, आणि तिचे पैसे तिच्याच खात्यातून थेट विक्रेत्याला किंवा विकासकाला जावेत. करारावर एक नाव वाढवायला त्या वेळी काही पडत नाही. नंतर ते नाव नसल्याचा भुर्दंड लाखांत जाऊ शकतो.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेणाऱ्यांनी तीन वर्षांची मुदत ध्यानात ठेवावी. विकासकाने विलंब केला, तर दोष त्याचा आणि वाद आपला, अशी अवस्था होते. विक्रेत्याने बहुतांश रक्कम वेळेत दिली असेल, तर केवळ ताबा लांबल्यामुळे सूट नाकारू नये, असा कल न्यायनिर्णयांत दिसतो. पण न्यायाधिकरणापर्यंत जाण्याचा खर्च आणि धीर या गटाकडे नसतो. प्रकल्पाची महारेरातील नोंदणी आणि तेथे जाहीर केलेली पूर्णत्वाची तारीख आधीच पाहून घ्यावी.

बँकेतील मुदत ठेव पुरत नाही

घर विकल्यावर नवे घर लगेच मिळतेच असे नाही. तोवर पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकले जातात आणि ‘दोन वर्षे आहेत’ असे म्हणून निश्चिंत राहिले जाते. दोन वर्षे खरीच असतात, पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, म्हणजे साधारणपणे ३१ जुलैपर्यंत, जी रक्कम घरात गुंतवली गेली नाही ती १९८८ च्या ‘भांडवली लाभ खाते योजने’खालील खात्यात भरावी लागते. हे खाते नेहमीच्या बचत खात्यापासून किंवा ठेवीपासून वेगळे असते. स्टेट बँक व इतर अधिकृत बँकांच्या ग्रामीण वगळता अन्य शाखांत ते उघडता येते. ‘ए’ प्रकार बचत खात्यासारखा, ‘बी’ प्रकार मुदत ठेवीसारखा. त्यातून पैसे फक्त घरासाठी काढता येतात, आणि खाते बंद करताना करनिर्धारण अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुदतीत घर घेतले नाही, तर उरलेली रक्कम विक्रीपासून तीन वर्षे पुरी होतात त्या वर्षी करपात्र ठरते.

शाखेतील कर्मचाऱ्यालाच या योजनेची नीट माहिती नसल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी साधी ठेव स्वीकारून घरी न परतता दुसरी शाखा गाठावी.

नवे घर घ्यायचेच नसेल, तर कलम ५४ईसी आहे. जमीन किंवा इमारत विकल्यापासून सहा महिन्यांच्या आत आरईसी यांसारख्या संस्थांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंतची रक्कम गुंतवली, तर तेवढा नफा करमुक्त होतो. पैसे पाच वर्षे अडकतात, या रोख्यांवर कर्जही काढता येत नाही आणि व्याज करपात्र असते. अलीकडच्या वर्षांत हे व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. वरच्या उदाहरणातील विधवेचा कर ६४ हजार ८०० रुपये होता. एवढा कर वाचवण्यासाठी म्हातारपणी औषधपाण्याला लागणारा पैसा पाच वर्षे अडकवून ठेवणे शहाणपणाचे आहे का, हे प्रत्येकाने आपले पाहावे. आमच्या मते अनेकांनी कर भरून मोकळे व्हावे.

रेडी रेकनर आणि पुराचे पाणी

उल्हास नदीच्या कुशीत असल्याने बदलापूर पश्चिमेला आणखी एक प्रश्न भेडसावतो. २६ जुलै २००५ चा महापूर आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तो पूर येथे कोणी विसरलेले नाही. सखल भागातील तळमजल्याच्या घराला गिऱ्हाईक कमी आणि भाव पाडून मिळतो. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजेच रेडी रेकनर, मात्र त्या विशिष्ट घरात किती पाणी शिरले हे विचारत नाही. २०२३ व २०२४ मध्ये दर स्थिर ठेवल्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून ते राज्यात वाढवण्यात आले.

कलम ५०सी नुसार प्रत्यक्ष किमतीपेक्षा मुद्रांक शुल्क मूल्य अधिक असेल, तर तेच विक्रीची किंमत म्हणून धरले जाते. फरक दहा टक्क्यांपर्यंत असेल, तर प्रत्यक्ष किंमत मान्य होते. उदाहरणार्थ, घर २० लाखांना विकले आणि तक्त्यानुसार मूल्य २१ लाख ८० हजार असेल, तर प्रश्न नाही. तेच २४ लाख असेल, तर हाती न आलेल्या चार लाखांवरही नफा मोजला जाईल. त्यावर उपाय कायद्यातच आहे. तक्त्याचे मूल्य बाजारभावापेक्षा जास्त आहे असे करनिर्धारण अधिकाऱ्यापुढे मांडून प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते. पुराच्या वेळचे पंचनामे आणि छायाचित्रे अशा वेळी उपयोगी पडतात. विसार आणि नोंदणी यांत काळ गेला असेल, तर कराराच्या तारखेचे मूल्य धरता येते. मात्र त्या दिवशी किंवा त्याआधी काही रक्कम धनादेशाने अथवा बँकेमार्फत मिळालेली असली पाहिजे.

रोख रकमेबाबत तर बोलायलाच नको. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे आणि स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. ‘वरचे दोन लाख रोखीत’ हे खरेदीदाराच्या सोयीचे असते. दंडाचा धोका मात्र घेणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला.

चाळ, जमीन आणि इतर

मांजर्लीत जुनी बैठी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. जमीनमालक व्यक्तीने विकासकाशी नोंदणीकृत विकसन करारनामा केला, तर पूर्वी करार झालेल्या वर्षीच कर मागितला जाई, म्हणजे घर मिळण्याआधीच. २०१७ च्या वित्त कायद्याने आणलेल्या कलम ४५(५ए) मुळे आता इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी नफा धरला जातो. मालकाने आपला वाटा दाखल्यापूर्वीच विकून टाकला, तर हा लाभ राहत नाही. पागडीच्या भाडेकरूने पैसे घेऊन भाडेहक्क सोडला, तर तोही भांडवली नफा आहे. पूर्वी पागडी देऊन हक्क घेतला असल्यास ती रक्कम वजा होते, नाहीतर खरेदीची किंमत शून्य धरली जाते.

शेतजमिनीचा नियम वेगळा आणि थोडा गमतीचा आहे. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ताच मानली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर हा कर नाही. मांजर्ली कुळगाव-बदलापूर नगरपालिकेच्या हद्दीत असल्याने येथील शेत सातबाऱ्यावर भातशेती असले, तरी शहरी ठरते. हद्दीबाहेरच्या गावांसाठी नगरपालिकेच्या लोकसंख्येनुसार अंतर ठरते : दहा हजार ते एक लाख लोकसंख्या असल्यास दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा आणि त्यापुढे आठ. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ हवाई रेषेत मोजायचे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. आजचा नियम २००१ च्या आकड्यांना लावला असता, तर कराची सीमा दोन किलोमीटरवर थांबली असती. २०११ च्या आकड्यांनी ती सहा किलोमीटरवर नेली. अंबरनाथ व उल्हासनगरचीही सहा किलोमीटरची वर्तुळे आहेत, तर बारा लाखांहून अधिक वस्तीच्या कल्याण-डोंबिवलीचे आठ किलोमीटरचे. आपले शेत यांपैकी एकाही वर्तुळात येत नाही ना, हे तपासावे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत २०११ चेच आकडे धरले जातात.

शहरी ठरलेली शेतजमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यास कलम ५४बी ची सूट मिळते. मात्र विकलेल्या जमिनीत आधीची दोन वर्षे स्वतः किंवा आईवडिलांनी शेती केलेली असली पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्याने मिळालेला मोबदला त्या कायद्याच्या कलम ९६ मुळे करमुक्त आहे, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकाने त्यास दुजोरा दिला आहे. बदलापूरजवळून जाणाऱ्या मुंबई-वडोदरा महामार्गासारख्या प्रकल्पांत जमीन गेलेल्यांनी आपला निवाडा कोणत्या कायद्याखाली झाला हे निवाड्याच्या प्रतीवरून पाहावे. कोणी केवळ ‘सरकारने घेतली’ एवढ्या माहितीवर कर भरूही नये आणि चुकवूही नये.

सोन्याचे दागिने विकल्यावरही हाच कर आहे. २४ महिन्यांनंतर साडेबारा टक्के, निर्देशांकाची निवड येथे नाही. नोंदणीकृत समभाग व समभागाधारित म्युच्युअल फंडांचा एक वर्षानंतरचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे.

विवरणपत्र भरावेच लागते

५० लाखांखालील व्यवहारात खरेदीदार एक टक्का करकपात करीत नाही. मांजर्लीतील बहुतेक व्यवहार याच गटात मोडतात, त्यामुळे विक्रेत्याला कर असल्याची चाहूलच लागत नाही. पण ३० लाख किंवा अधिक किमतीच्या व्यवहाराची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला जाते आणि पॅन क्रमांकाच्या वार्षिक माहितीपत्रकात ती उमटते. दोन-तीन वर्षांनी येणारी नोटीस याच नोंदीतून जन्म घेते, आणि तोवर विक्रेता जुना पत्ता सोडून गेलेला असतो.

गुंतवणुकीच्या सवलती वजा करण्यापूर्वीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे, मग प्रत्यक्ष कर शून्य का असेना. वारसांच्या उदाहरणातील आईला एक पैसाही कर नाही, तरी निर्देशांकाशिवायचा तिचा सहा लाखांचा नफा आणि इतर उत्पन्न मिळून चार लाखांची मर्यादा ओलांडतात, म्हणून तिने विवरणपत्र भरावयाचे आहे. घराच्या विक्रीसाठी ‘सहज’ हा साधा नमुना चालत नाही, सहसा क्रमांक दोनचा नमुना लागतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील निवासी व्यक्तींना आगाऊ कर भरावा लागत नाही. त्यांनी विवरणपत्रासोबत स्वयंनिर्धारण कर भरला तरी चालतो. साठीच्या आतील विक्रेत्याने मात्र विक्रीनंतर येणाऱ्या आगाऊ कराच्या हप्त्यांत, आणि विक्री मार्चच्या उत्तरार्धात झाली असल्यास ३१ मार्चपर्यंत, आपला कर भरावा. खरेदीखत, विक्रीखत, निर्देशांक क्रमांक दोनची प्रत, दलालीची पावती, मूल्यांकन अहवाल आणि बँकेचे उतारे एका फायलीत ठेवून ती फाइल नव्या घरी बरोबर न्यावी. जुन्या घराचे कागद खरेदीदाराच्या हवाली करताना स्वतःच्या मूळ खरेदीखताची छायाप्रत काढायची पुष्कळांकडून राहून जाते, आणि खरेदीची किंमत सिद्ध करायची वेळ येते तेव्हा नेमका तोच कागद लागतो.